मोतिया रंगाची तीन वर्षं

हां, तर काल आपण रंगाच्या दुकानात होतो, आणि आमचा मेहुणा डब्यात नाक घालून उभा होता. तिथूनच पुढे जाऊ.

दुकानदार म्हणाला, "मामा, हा पांढरा नव्हे, हा मोतिया आहे. पांढरा मागच्या फळीवर."

मेहुण्याने डब्यातून मान वर न काढता विचारलं, "तुझं वय काय?"

"सव्वीस."

"तू रांगत होतास तेव्हापासून मी पांढरा लावतोय. बंद कर झाकण, हाच दे."

दुकानदाराने झाकण ठोकून बसवलं आणि डबा दिला. गिऱ्हाईक वयाने मोठं, त्यात रंगारी, त्यात हट्टी. आणखी काय करणार तो?

काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागे जातो. हा मेहुणा म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. आमच्या इथल्या हवामान कार्यालयात तो शिपाई होता, पण रंगकाम बापाकडून शिकलेला, त्यामुळे तिथलं ब्रशाचं सगळं काम आपसूक त्याच्या गळ्यात पडलं. कार्यालयाच्या मागे कातरलेल्या गवताचं एक अंगण आणि अंगणाच्या मधोमध चार पायांवर उभी एक लाकडी पेटी. खिडकीला असतात तशा तिरक्या पट्ट्यांच्या भिंती, वर छप्पर, पुढे दार. आत तापमापक. नवीन माणसाला ती पेटी कसली ते कळायचं नाही. कुणाला कबुतरांचं घर वाटायची. एका नव्या पोस्टमनने तर आठवडाभर कार्यालयाचं टपाल त्या पट्ट्यांतून आत सारलं होतं.

या पेटीचं मर्म मेहुणा कुणालाही, कुठेही, न विचारता सांगायचा. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला पहिला घास घ्यायच्या आत त्याने ते सांगितलेलं मी स्वतः ऐकलंय. मर्म असं: पट्ट्यांतून वारा आत यावा, ऊन येऊ नये. आणि पेटी पांढरी असावी, डोळे दिपतील अशी पांढरी. ती जरा काळवंडली की पेटीच तापते, मग आतला पारा हवेचं सांगायचं सोडून पेटीचंच गाऱ्हाणं सांगत बसतो. म्हणून दर दोन वर्षांनी, उन्हाळा तोंडावर आला की, हलक्या हाताने घासून रंगाचा नवा हात द्यायचा.

तुम्हाआम्हाला पांढरा म्हणजे पांढरा. याला पांढऱ्याच्या जाती माहीत. दुधाचा, चुन्याचा, कापसाचा, कोऱ्या कागदाचा. शेजाऱ्याने हौसेने घर रंगवलं, तर हा दारात उभा राहून म्हणाला, "पांढरा आहे, पण रडका आहे." शेजारी महिनाभर बोलला नाही. माझ्या बायकोचे केस पिकले तेव्हा तिला म्हणतो, "अक्का, तुझा एकसारखा बसलाय हं, दोन हात दिल्यासारखा." तिने हातातलं लाटणं उचललं होतं. असा हा माणूस, आणि त्याला कुणी एक पोरगा सांगणार की हा मोतिया आहे!

आता दुसरं माणूस सांगितलं की गोष्ट सरळ चालू लागेल. त्या पेटीतलं तापमान वाचायला एक बाई होत्या. गावाने त्यांना नाव ठेवलं होतं पाराबाई. शेलाटा बांधा, हातात छत्री, चष्म्याला दोरी. दिवसातून ठरल्या मिनिटाला पेटीचं दार उघडायच्या, श्वास रोखून पारा वाचायच्या आणि वहीत लिहायच्या. श्वास अशासाठी रोखायचा की तोंडाची वाफ लागून पारा हलू नये. एकदा त्यांचे दीर धावत सांगत आले, "वहिनी, आम्हाला मुलगी झाली, मुलगी!" बाईंनी नुसता हात वर केला, पारा वाचला, आकडा लिहिला, दार लावलं आणि मग म्हणाल्या, "वजन किती?" अशी एकोणतीस वर्षं.

मेहुणा नोकरीत मुरलेला आणि बाई नव्याने आलेल्या, तेव्हाची गोष्ट. याने त्यांच्या खांद्यावरून डोकावून म्हटलं, "आज चौतीस दिसतंय."

बाई म्हणाल्या, "दिसू दे. रंग तुमचा, पारा माझा."

झालं. त्या दिवसापासून तो करार. याने पाऱ्याकडे पाहायचं नाही, त्यांनी रंगाबद्दल बोलायचं नाही. दोघांनी तो इतका पाळला की नवरा-बायकोंनी शिकवणी लावावी.

करार मोडला एकदाच, तोही निम्माच. दुकानातून आणलेला तो डबा मेहुण्याने पेटीला लावला. दुसऱ्या दिवशी बाई छत्री मिटून पेटीसमोर उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "रंगारी, पेटी जराशी पिवळसर वाटते का हो?"

"बाई, रंग कुणाचा?"

"तुमचा."

"मग?"

बाईंनी वही उघडली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'पेटीस रंग दिला.' तारीख घातली. पुढे दोन वर्षांनी त्याने पुन्हा त्याच रंगाचा डबा आणला, पुन्हा लावला, बाईंनी पुन्हा तेवढंच लिहिलं. या खेपेला विचारलंही नाही.

तुम्ही म्हणाल, पांढऱ्याच्या जाती ओळखणारा माणूस असा फसला कसा? तर ऐका. पेटीला मोतिया आणि डोळ्यात मोतीबिंदू, अशी एकाच वेळची दोन्ही कामं होती ती. मोतीबिंदू हळूहळू धरतो. डोळ्यापुढे कुणी रोज एकेक पातळ पिवळा पडदा लावत जावं तसं. ज्याचा डोळा त्याला काहीच कळत नाही, जग होतं तसंच वाटतं. त्याला वाटायचं दिवे मंद झालेत. आणखी वर्षभराने तो भरल्या बादलीला पाय अडखळून पडला, तेव्हा त्याच्या बायकोने त्याला माझ्या ताब्यात दिलं आणि मी त्याला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं.

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. समोर भिंत, पलंगावर चादर, उशी. हा कितीतरी वेळ उशीकडेच बघत बसला.

"दाजी, ही उशी पांढरी आहे?"

"आहे की."

"अशीच असते?"

"उशी आणखी कशी असणार?"

आम्ही रिक्षाने निघालो. घराच्या वळणावर रिक्षावाल्याला म्हणाला, कार्यालयाकडे घे. सुट्टीचा दिवस, अंगणात चिटपाखरू नाही. काळा चष्मा वर करून तो त्या पेटीसमोर उभा राहिला. मलाही तेव्हा पहिल्यांदाच दिसलं, कारण मी कधी पाहिलंच नव्हतं. पेटी साईसारखी पिवळी होती. दिसायला सुरेख, दिवाणखान्यात शोभली असती.

"अरे देवा," तो हळूच म्हणाला. "तीन वर्षं."

डॉक्टरांनी पंधरा दिवस वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही म्हणून बजावलं होतं. सोळाव्या दिवशी, तोही सुट्टीचाच, याने एकट्याने जाऊन पेटी पांढरी केली. डबा आणताना दुकानदाराला म्हणाला, "तूच काढून दे." दुकानदार शहाणा, त्याने मागच्या फळीवरचा डबा काढून दिला. संध्याकाळी मेहुणा माझ्याकडे आला. हातांवरचा रंग तसाच होता. म्हणाला, "दाजी, हे तुमच्या-माझ्यात राहू दे."

माझ्या पोटात गोष्ट राहत नाही हे तुम्हाला माहीत आहे. ही सोळा वर्षं राहिली. ही एकच.

पाराबाईंनी पेटीकडे पाहिलं, याच्या काळ्या चष्म्याकडे पाहिलं, "छान झालं" म्हणाल्या आणि वहीत लिहिलं, 'पेटीस रंग दिला.'

नंतर दोघं पाठोपाठ निवृत्त झाली. अंगणात तारांचं नवं यंत्र आलं आणि लाकडी पेटी अडगळीत गेली. मेहुण्याने रीतसर अर्ज करून ती घरी आणली. दहा वर्षं झाली, ती त्याच्या परसात उभी आहे. त्याची बायको तिच्यात चपला आणि कपड्यांचे चिमटे ठेवते. पण दर दोन वर्षांनी पेटीला रंगाचा हात मिळतोच. चपलांना ऊन लागू नये म्हणून, असं तो सांगतो.

आता या वर्षीचं. हवामान खात्याच्या मोठ्या कार्यालयातून एक मुलगी आली. असेल तिशीची, पाठीवर पिशवी, पिशवीत लॅपटॉप. जुनं काही विचारायचं असलं की लोक माणसाला माझ्याकडे धाडतात, तसं तिलाही धाडलं. मी खूश. बायकोने चहा टाकला.

मुलगी आमच्या गावच्या साठ वर्षांच्या तापमानाचा हिशेब लावत होती. मी म्हटलं, मला समजेल असं सांग, मी सातवीपर्यंतचा माणूस. तिने सांगितलं: रोजचे आकडे मिळवून वर्षाची सरासरी काढायची. एका वर्षाला एक ठिपका. साठ वर्षांचे साठ ठिपके. तिने पडद्यावर दाखवले. एखादं वर्ष खाली, एखादं वर, पण सगळी रांग मिळून चढणीला लागलेली. साठ वर्षांत साधारण एक अंश.

मी हसलो. "एक अंश? एवढा तर चहाला फुंकर घातली की उतरतो."

ती रागावली नाही. म्हणाली, "आजोबा, एक दिवस एक अंशाने तापला तर काहीच नाही. वर्षाची सरासरी तेवढी वाढली म्हणजे जवळजवळ सगळे दिवस आणि सगळ्या रात्री मिळून वर सरकल्या."

ते मला लगेच कळलं, कारण आमचे गुरुजी दरवर्षी वर्गाची उंची मोजायचे. एक पोरगा बाकावर उभा राहिला तर सरासरी फारशी हलायची नाही. सरासरी दोन बोटं वर गेली म्हणजे सगळ्यांच्या चड्ड्या आखूड झाल्या. मी तिला हे सांगितलं तर तिने वहीत लिहून घेतलं. खोटं नाही सांगत.

मग तिने रांगेतल्या एका जागेवर बोट ठेवलं. तिथे तीन ठिपके बैलाच्या वशिंडासारखे वर आले होते. आजूबाजूच्यांपेक्षा पाव अंशाने जास्त. आधी नीट, नंतर नीट, मध्येच हे तीन.

"त्या तीन वर्षांत इथे काय झालं होतं?" तिने विचारलं. "जवळ इमारत उठली? झाड तोडलं? डांबरी रस्ता झाला?"

माझ्या जिभेवर आलेलं मी चहाबरोबर गिळलं.

"कारण सापडलं नाही तर वरचे लोक म्हणतायत की वाचणाऱ्या बाईंनी तेव्हा अंदाजाने आकडे भरले असणार. आणि तीन वर्षं अंदाजाने भरली असतील तर त्यांच्या एकोणतीस वर्षांवर विश्वास कसा ठेवायचा? ती सगळी काढून टाकावी लागतील. मग साठातलं उरतं किती? हे ठिकाणच यादीतून जाईल. मी काल बाईंकडे गेले होते."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, 'पारा जिथे होता तिथे लिहिला.' मी विचारलं, पेटीत किंवा आसपास काही बदललं होतं का? म्हणाल्या, 'पाऱ्याखेरीज मला काही विचारू नका.' आणि दार लावून घेतलं."

मी तिला म्हटलं, उद्या सकाळी ये. ती वळणापलीकडे गेली न गेली तोच मी चपला पायात सरकवल्या. तर बायको आधीच दारात उभी.

"भावाकडे निघालात ना? मी पण येते."

"तुला काय माहीत?"

"सोळा वर्षं झोपेत बडबडताय, उशी पांढरी, उशी पांढरी."

म्हणजे ती एक गोष्टही माझ्या पोटात राहिली नव्हतीच म्हणायची.

मेहुणा परसात ब्रश धूत बसला होता. मी सगळं सांगितलं. त्याने एकच विचारलं, "बाई रंगाबद्दल काय बोलल्या?"

"चकार शब्द नाही."

तो ब्रशाचे केस बोटांनी सरळ करत राहिला. मग म्हणाला, "मी सांगितलं तर ते लिहून ठेवणार. रंगाऱ्याला पांढरा कळला नाही. मी गेल्यावरही कुणी वाचेल."

बायको म्हणाली, "डोळ्यात मोतीबिंदू होता रे. त्यात लाज कसली?"

"मोतीबिंदूची नाही, अक्का. बाईंनी मला विचारलं होतं. पिवळी वाटते का म्हणून. मी त्यांचं तोंड बंद केलं. आणि त्या अजून बंदच ठेवून बसल्यात." एवढं बोलून त्याने ब्रश दोरीला टांगला. "आणि मी काळ्या चष्म्यातून त्यांचं 'छान झालं' ऐकून घेतलं."

आम्ही चहा घेऊन निघालो. तो काय करणार ते त्याने सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. बायकोने वाटेत दोनदा म्हटलं, "करेल तो नीट." दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा मला तिची काळजी कळली.

सकाळी मुलगी आली तर तिच्यामागे मेहुण्याची बायको हजर. "सगळ्यांना घरी बोलावलंय." आम्ही गेलो. मेहुण्याने इस्त्रीचा सदरा घातलेला. परसात खुर्ची मांडलेली आणि खुर्चीत पाराबाई, मांडीवर छत्री. त्यांना तो स्वतः जाऊन घेऊन आला होता. पेटीतल्या चपला बाहेर काढून ओळीने लावून ठेवलेल्या.

तो मुलीसमोर उभा राहिला आणि शाळेत पाठांतर म्हणावं तसं सगळं म्हणून दाखवलं. दुकान, डबा, बाईंचा प्रश्न, त्याचं उत्तर, बादली, उशी, सोळावा दिवस. काही वगळलं नाही. मी मध्ये रिक्षावाल्याचं सांगायला गेलो तर बायकोने माझा सदरा ओढला.

मुलगी म्हणाली, "काका, मी विश्वास ठेवते. पण वरच्यांना नुसतं सांगून चालणार नाही."

"नुसतं कोण सांगतंय?"

त्याने खिशातून पातं काढलं. पेटीच्या दाराची कड धरून नखाएवढ्या जागेत रंग तिरपा कापला, मग ओल्या पॉलिश पेपरने घासत घासत ती जागा रुंद केली. कांद्याचे पापुद्रे दिसावेत तसे थर दिसू लागले. दोन थरांमध्ये धुळीची केसाएवढी रेघ.

"मोजा," तो म्हणाला. "वरून आठ पांढरे. ऑपरेशननंतर दर दोन वर्षांनी एक."

मुलीने भिंग लावून मोजले. आठ. मग दोन थर पिवळे, साईसारखे. त्यांच्याखाली पुन्हा पांढरे, थेट लाकडापर्यंत. तिने लॅपटॉप उघडून बाईंच्या जुन्या वह्यांचे फोटो पडद्यावर आणले. 'पेटीस रंग दिला', 'पेटीस रंग दिला', 'पेटीस रंग दिला.' तारखा जुळल्या. वशिंड पहिल्या पिवळ्या थरापासून उठत होतं आणि पांढऱ्यापाशी बसत होतं. तरी तिचं समाधान होईना. त्या तीन वर्षांतले ढगाळ दिवस तिने वेगळे काढले. बघते तर ढगाळ दिवसांत फरक जवळपास नाहीच, सगळा फरक उन्हाच्या दुपारचा.

"ऊन नसेल तर पेटी तापणार कशी," मेहुणा म्हणाला. हे तो पंगतीतल्या लोकांना सांगायचा तेच.

मुलगी उठून पाराबाईंसमोर गेली. "बाई, अंदाजाने भरलेले आकडे ढग बघून बदलत नाहीत. तुम्ही अचूक वाचलंत. वरचे लोक चुकीचं म्हणत होते, ते मी आज खोडून काढते." मग जरा थांबून म्हणाली, "पण तुम्हाला पेटी पिवळी दिसली होती ना? शेऱ्यात का नाही लिहिलं?"

बाई म्हणाल्या, "रंग त्यांचा."

"आणि काल मी विचारलं तेव्हा?"

"काल पण त्यांचाच होता."

मेहुणा खाली बघून म्हणाला, "बाई, पुन्हा कधी असं दिसलं तर माझं ऐकू नका."

"चौऱ्याहत्तर वर्षांची आहे मी," बाई म्हणाल्या. "आता कुठली पेटी रंगवणार आहात?"

"हीच. या उन्हाळ्यात."

"मग मला दाखवून लावा."

त्याच्या बायकोने चहा आणला. मुलीने तिथेच मांडीवर लॅपटॉप घेऊन ती तीन वर्षं दुरुस्त केली. तीन ठिपके खाली येऊन आपापल्या जागी बसले. वशिंड गेलं. बाईंची एकोणतीस वर्षं राहिली, साठ वर्षं राहिली, आमचं गाव यादीत राहिलं. मी टाळी वाजवणार होतो, पण रांगेकडे पाहिलं तर ती होती तशीच चढत होती. वशिंड काढलं तरी बैल चढावरच उभा. मुलीच्याही ते लक्षात होतंच. चहाचा कप ठेवत ती थट्टेने म्हणाली, "काका, हा उरलेला एक अंशही तुमच्याच एखाद्या डब्यातला नाही ना?"

मेहुण्याने चष्मा लावला. दुकानातल्या डब्यात घालायचा तसं नाक अगदी पडद्याला लावलं. पहिल्या ठिपक्यापासून शेवटच्यापर्यंत बोट न टेकवता नेलं, परत आणलं, पुन्हा नेलं. मग तो सरळ उभा राहिला आणि जे बोलला ते एक अक्षर इकडेतिकडे न करता सांगतो:

"तीन वर्षं माझी, ती माझ्या नावावर लिहा. बाकी सगळी वर्षं पेटी पांढरी होती. या चढाचा रंगारी तुम्ही शोधा."